दुखतंय म्हणायची सोय

अमेरिकेतल्या तीस मोठ्या बेसबॉल संघांपैकी पंधरा संघ दर फेब्रुवारीत ॲरिझोनात, फिनिक्सच्या आजूबाजूला येऊन उतरतात. उरलेले पंधरा फ्लोरिडाला जातात. उत्तरेकडच्या कित्येक मैदानांवर तेव्हा बर्फ असतो आणि इथे दुपारी टोपीशिवाय उभं राहवत नाही. मार्चच्या अखेरीस खरा हंगाम सुरू होतो. त्याआधीचे हे सहा आठवडे म्हणजे स्प्रिंग ट्रेनिंग. मेसात शिकागो कब्स, ग्लेनडेलला लॉस एंजेलिस डॉजर्स, स्कॉट्सडेलला सान फ्रान्सिस्को जायंट्स, पिओरियात सिॲटल आणि सान डिएगो शेजारी शेजारी. लोक गवताच्या उतारावर सतरंज्या टाकून बसतात, पोरं कुंपणाशी सह्या घ्यायला उभी राहतात, आणि सामन्यांचे निकाल हंगामाच्या तक्त्यात धरले जात नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला ही सहल वाटते. आत काम करणाऱ्यांसाठी हा वर्षातला सगळ्यात ताणाचा काळ असतो, कारण कोण राहणार आणि कोण जाणार हे इथेच ठरतं.

मी मूळची सांगलीची. पुण्यात फिजिओथेरपी शिकले, लग्नानंतर ॲरिझोनात आले, इथलं ॲथलेटिक ट्रेनरचं शिक्षण घेतलं आणि काही वर्षं एका मोठ्या संघाच्या कॅम्पमध्ये काम केलं. ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे प्रशिक्षक नव्हे. खेळाडूच्या सांध्यांना टेप लावणं, दुखापत झाली की सगळ्यात आधी मैदानात धावणं, डॉक्टरांकडे पाठवायचं की नाही ते सांगणं, आणि नंतर महिनोन्‌महिने व्यायाम करून घेणं हे आमचं काम. संघाचं नाव इथे लिहीत नाही. खेळाडूंची ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत, कारण त्यांची दुखणी ही त्यांची खासगी गोष्ट आहे. पण त्या खोलीत मला जे समजलं ते महाराष्ट्रात मुलांना खेळवणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते.

आधी हिशेब सांगते, कारण सगळी चढाओढ त्या हिशेबातून निघते. मोठ्या संघात हंगामाच्या पहिल्या दिवशी जागा असतात सव्वीस. संघाच्या करारातल्या विस्तारित यादीत चाळीस नावं असतात. कॅम्पला मात्र साठाहून जास्त खेळाडू येतात, म्हणजे यादीबाहेरचेही कित्येक निमंत्रित असतात. त्यांच्या पाठीवर सत्तर, ऐंशी, नव्वदचे आकडे असतात, आणि तो आकडा बघूनच कुणाचं पारडं हलकं आहे ते कळतं. शिवाय पलीकडच्या मैदानांवर खालच्या लीगमधली दीडशेच्या आसपास मुलं सराव करत असतात. सव्वीसपैकी वीस-एकवीस जागा आधीच ठरलेल्या. उरलेल्या पाच-सहांसाठी हे सगळं चाललेलं असतं.

जागा मिळाली आणि हुकली यातलं अंतर किती? २०२३ साली मोठ्या लीगमध्ये किमान वार्षिक पगार ७ लाख २० हजार डॉलर होता. त्याच्या लगेच खालच्या पायरीवर, ट्रिपल-ए मध्ये, किमान वार्षिक पगार ३५ हजार ८०० डॉलर. एकाच वयाची, जवळजवळ एकाच कुवतीची दोन माणसं, आणि मध्ये वीसपटींचा फरक. दुखापतीचा नियमही तसाच. मोठ्या संघाच्या यादीत असताना जायबंदी झालात तर पगार मोठ्या लीगचा चालू राहतो आणि सेवेचे दिवसही मोजले जातात. यादीबाहेरच्याला दुखापत झाली तर उपचार होतात, पण तो खालच्या लीगचा जायबंदी खेळाडू म्हणून. म्हणजे दुखणं लपवण्याची गरज ज्याला सगळ्यात जास्त, त्यालाच ते दुखणं सगळ्यात महाग पडतं.

आमची खोली पहाटे पाचला उघडायची. टेबलं, बर्फाचं मशीन, थंड आणि गरम पाण्याचे हौद, भिंतीला रबराचे पट्टे. सहा वाजेपर्यंत ओळ लागायची. त्या ओळीत कोण उभं आहे ते येणारा-जाणारा प्रत्येक जण बघायचा. अनुभवी, मोठ्या कराराचे खेळाडू बिनधास्त यायचे. खांदा चोळून घ्यायचे, गप्पा मारायचे. नवी मुलं दारातून डोकवायची, ओळीत आपल्याच जागेचा दुसरा दावेदार दिसला की बाटलीत पाणी भरायला आल्यासारखं करून परत जायची. कधी एखादा सगळे मैदानावर गेल्यावर यायचा, दार लोटून घ्यायचा आणि नोंद होईल का ते आधी विचारायचा. नोंद करावीच लागते, असं मी सांगायचे. मग काही जण टेबलावर न बसताच निघून जायचे.

चढाओढ म्हणजे रोज मारामाऱ्या, असं कुणी समजू नये. भांडणं क्वचित व्हायची. खरी चढाओढ शांत असते. संध्याकाळी उद्याचा तक्ता लागतो: कोण मुख्य सामन्यात, कोण मागच्या मैदानावर, कोण कितव्या इनिंगला. पहिल्या इनिंगांमध्ये समोरच्या संघाचे खरे फलंदाज असतात, शेवटी राखीव मुलं. त्यामुळे तिसरी इनिंग मिळाली की आठवी, यावर मुलांची झोप ठरते. सकाळी एखाद्याला मॅनेजरच्या खोलीत बोलावणं येतं आणि दुपारपर्यंत त्याचं लॉकर रिकामं झालेलं असतं. त्या रिकाम्या लॉकरकडे शेजारचा बघत नाही. त्याला सुटल्यासारखं वाटतं आणि त्याची लाजही वाटते. दोन्ही मी त्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

ही चढाओढ थेट हाडांपर्यंत कशी पोचते याचा एक प्रसंग. मागच्या मैदानावर सराव सामना चालला होता. उंच उडालेला झेल मध्यभागी आणि डावीकडे उभ्या असलेल्या दोन आउटफिल्डरांच्या बरोब्बर मधे आला. बेसबॉलचा नियम साधा आहे: मध्यभागच्याने हाक दिली की दुसऱ्याने बाजूला व्हायचं. हाक आली होती, मी कुंपणाशी असून मला ऐकू आली. पण राखीव आउटफिल्डरची जागा एकच शिल्लक होती आणि हे दोघेच तिच्या मागे होते. डावीकडचा थांबला नाही. एकाचा गुडघा दुसऱ्याच्या जबड्यावर बसला. मी पोचले तेव्हा खाली पडलेला मुलगा मला पहिलं काय विचारतो, तर झेल धरला गेला का. डोक्याला मार लागलेल्याची ठरलेली चाचणी असते, शब्द लक्षात ठेवायचे, तोल सांभाळायचा. तो पाच शब्दांतले दोन विसरला आणि तरी मी बरा आहे म्हणून अडून बसला. त्याला कॅम्पचे उरलेले दिवस खेळता आलं नाही. आणि दुसऱ्यालाही जागा मिळाली नाही, कारण हाक ऐकून न थांबणारा खेळाडू कुठल्याही मॅनेजरला नको असतो.

पण बेसबॉलमध्ये सगळ्यात जास्त लपवलं जातं ते पिचरचं कोपर. आपल्याकडे गोलंदाज हात सरळ ठेवून चेंडू टाकतो. पिचर कोपरातून फेकतो, आणि हात पुढे येताना कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा लिगामेंटवर प्रचंड ताण येतो. ते लिगामेंट तुटलं की पूर्वी कारकीर्द संपायची. १९७४ साली डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्यावर डॉ. फ्रँक जोब यांनी शस्त्रक्रिया केली आणि दुसऱ्या मनगटाकडचा स्नायुबंध काढून कोपरात बसवला. १९७६ मध्ये तो परत मैदानात आला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती आज इतकी सर्रास झाली आहे की मुलांना वाटतं, तुटलं तर तुटलं, जोडून घेऊ. पण परत यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, आणि सगळे परत येत नाहीत.

त्या वर्षी आमच्या कॅम्पमध्ये सामना सुरू करणाऱ्या पाच पिचरांपैकी पाचव्याची जागा मोकळी होती. दावेदार शेवटी दोन उरले. एक चौतिशीचा, यादीबाहेरचा निमंत्रित, कोपराची शस्त्रक्रिया एकदा करून आलेला, घरी दोन लहान मुली. दुसरा बावीस वर्षांचा, तोही यादीबाहेरचाच, पण ताशी ९७-९८ मैलांनी फेकणारा. दोघांची लॉकर एकाच रांगेत. सुरुवातीला मोठ्याने धाकट्याला चेंडू धरण्याची एक पद्धत शिकवली. दोघं बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेत, एकमेकांचे चेंडू बघत उभे राहायचे. दोन आठवड्यांनी यादी आखडली आणि ते बोलणं हळूहळू बंद झालं. मग मोठा आपला सराव वेगळ्या वेळी करायला लागला. धाकट्याला हे लागलं, हे त्याच्या वागण्यात दिसायचं.

मार्चच्या मध्याला एका संध्याकाळी मोठा माझ्याकडे आला. खोलीत कुणी नव्हतं. त्याने बसल्या बसल्या सांगितलं, की पोराचा हात बरा नाही. मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, चेंडू टाकल्यावर तो बोटं झटकतोय, दोन चेंडूंमध्ये जास्त वेळ घेतोय, हात थोडा खालून यायला लागलाय, आणि पिशवीची चेन डाव्या हाताने लावतोय. स्वतःचं कोपर जाण्याआधी त्यानेही हेच केलं होतं. मग जरा थांबून म्हणाला, मी हे सांगितलं तर त्याच्या जागेवर डोळा ठेवून सांगतोय असंच कुणालाही वाटेल. नाही सांगितलं तर त्याचा हात जाईल आणि मला ते माहीत होतं हे मला कायम डाचेल.

मी त्याला एवढंच सांगितलं, की तुझं नाव कुठे येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्याच पिचरांची तपासणी ठेवली. धाकट्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोट टेकवल्याबरोबर त्याच्या पापण्या हलल्या. मुठीची पकड फेब्रुवारीतल्या नोंदीपेक्षा बरीच कमी भरली. तरी तो काही नाही म्हणत राहिला. मग शांतपणे विचारल्यावर कळलं, की बरेच दिवस तो रोज वेदनाशामक गोळ्या घेऊन फेकत होता. घरी सगळ्यांनी सलामीच्या सामन्याला यायची तयारी केली होती. हे सांगताना तो रडला. एमआरआयमध्ये स्नायू ताणलेला आणि लिगामेंट थोडंसं फाटलेलं निघालं. पूर्ण तुटलेलं नव्हतं. शस्त्रक्रिया लागली नाही, पण फेकणं बंद. जुलैत तो खालच्या लीगमध्ये परत उभा राहिला. आणखी दोन-तीन सामने तसेच फेकले असते तर काय झालं असतं, हे मी ठामपणे सांगू शकत नाही, पण जे मी पाहत आले आहे त्यावरून मला ते चांगलं दिसत नव्हतं.

आणि ती जागा? ती दोघांनाही मिळाली नाही. कॅम्पच्या शेवटच्या आठवड्यात दुसऱ्या एका संघाने सोडलेला पिचर आमच्या संघाने उचलला. मोठा ट्रिपल-ए ला गेला. ज्या जागेसाठी एकाने हात पणाला लावला आणि दुसऱ्याने मैत्री, ती जागा तिसऱ्याच्या नावावर आधीच लिहिली जात होती. या धंद्यात हे नेहमी घडतं. मुलं एकमेकांकडे बघत राहतात, आणि निर्णय त्यांना न दिसणाऱ्या टेबलावर होतात.

कॅम्पमध्ये दुखापतीने जागा हुकणं फक्त नवख्यांच्या वाट्याला येत नाही. २०२३च्या फेब्रुवारीत डॉजर्सचा गॅव्हिन लक्स पिओरियाच्या मैदानावर बेसवरून पळताना पडला आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटून त्याचा पूर्ण हंगाम गेला. त्या वर्षी शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाची, जागा पहिल्यांदाच त्याची होणार होती. २०२५च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क यांकीजचा अव्वल पिचर गेरिट कोल याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि तोही हंगामाला मुकला. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने पिचरांच्या दुखापतींवर मोठा अहवाल काढला. त्यात वेगाचा हव्यास, प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय आणि कॅम्पला येण्याआधीच केलेला अति सराव यांवर बोट ठेवलं होतं. वेगवान चेंडूची सरासरी २००८ साली ताशी ९१.३ मैल होती, २०२४ साली ९४.२. पूर्वी खेळाडू कॅम्पला अंग मोकळं करायला यायचे. आता पहिल्याच दिवशी निवड चालू असते, म्हणून ते जानेवारीपासूनच पूर्ण ताकदीने फेकत असतात.

दाखवून देण्याच्या ओझ्याखाली हात दुखावण्याची गोष्ट मात्र जुनी आहे. १९४६ साली जॅकी रॉबिन्सन फ्लोरिडात डेटोना बीचला डॉजर्सच्या खालच्या लीगमधल्या मॉन्ट्रियल संघाकडून पहिल्या कॅम्पला आला, तेव्हा गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलमधली कित्येक दशकांची बंदी मोडणारा तो कृष्णवर्णीय खेळाडू होता. पहिल्याच दिवसांत त्याने इतक्या जोराने फेकलं की हात सुजला. लांबचे थ्रो टाळण्यासाठी त्याला शॉर्टस्टॉपवरून हलवावं लागलं. पुढच्या वर्षीच्या कॅम्पमध्ये डॉजर्सच्याच काही खेळाडूंनी त्याच्याबरोबर खेळायला विरोध करणारी मोहीम सुरू केली, आणि मॅनेजर लिओ ड्यूरोशर यांनी पनामात रात्री सगळ्यांना उठवून ती मोडून काढली. रॉबिन्सनवरचं ओझं आणि आजच्या मुलावरचं ओझं यांची तुलना होऊच शकत नाही. पण ज्याची जागा पक्की नाही, तो दुखणं आधी गिळतो आणि मग सांगतो, हे तेव्हाही खरं होतं.

म्हणूनच आमच्या खोलीत आम्ही एक बदल केला. ओळच मोडली. रोज सकाळी प्रत्येक पिचरने, मग तो कोट्यवधींच्या करारावरचा असो की ९१ नंबरचा निमंत्रित, टेबलावर येऊन खांद्याची हालचाल आणि मुठीची पकड मोजून घ्यायची. दोन मिनिटांचं काम. सगळेच येतात म्हटल्यावर कोण आलं याला अर्थ उरला नाही. हळूहळू मुलं त्या दोन मिनिटांत बोलायला लागली. आज जरा जड वाटतंय, काल झोपेत हात अवघडला. अशा लहान तक्रारी वेळेवर कळल्या तर दोन दिवसांच्या विश्रांतीवर भागतं. पैशाच्या बाजूनेही थोडं बदललं. पूर्वी खालच्या लीगच्या मुलांना या सहा आठवड्यांचा पगारच नसे. खेळाडूंनी कोर्टात लढा दिला, २०२२ मध्ये साडेअठरा कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि २०२३च्या पहिल्या सामूहिक करारापासून कॅम्पचाही पगार मिळायला लागला. भाडं भरायची चिंता थोडी कमी झाली की माणूस आपल्या शरीराबद्दल थोडं खरं बोलतो, हे मी स्वतः पाहिलं.

हे सगळं मला इतकं का लागतं, तेही सांगते. माझा धाकटा भाऊ वेगवान गोलंदाज होता. जिल्ह्याच्या निवड चाचणीआधी त्याची कंबर दुखत होती. रात्री आईकडून तेल चोळून घ्यायचा आणि तिला, ताईला सांगू नकोस, असं बजावायचा, कारण मी तेव्हा फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते. चाचणीत त्याची निवड झाली. महिनाभराने तो वाकूही शकेना. मणक्याच्या हाडाला चीर गेली होती, वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांना होते तीच. तो बरा झाला, पण पुन्हा तसा वेग आला नाही. आज तो नोकरी करतो, सुखात आहे, आणि हे लिहायला त्यानेच परवानगी दिली.

दुखणं लपवणाऱ्या मुलाला आपण जिद्दी म्हणतो, त्याच्या गोष्टी कौतुकाने सांगतो. मी इतक्या मुलांचे हात हातात घेतल्यानंतर म्हणते, ही जिद्द नाही. ही भीती आहे, आणि ती आपण मोठ्यांनी निर्माण केलेली आहे. सांगलीतला क्रिकेटचा कॅम्प असो, कोल्हापुरातली तालीम असो की पुण्यातला कबड्डीचा संघ, निवड चाचणी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा, की दुखतंय म्हणून सांगणाऱ्याची चाचणी बरा झाल्यावर पुन्हा घेतली जाईल. मग तो शब्द पाळा. तपासणी करायची तर सगळ्यांची करा, एकट्याची नको. आणि घरच्यांनी मुलगा किंवा मुलगी मैदानावरून आली की किती धावा, किती बळी हे विचारायच्या आधी अंग कुठे दुखतंय का, एवढं विचारा. उत्तर लगेच खरं मिळेल असं नाही. रोज विचारत राहिलात, आणि खरं सांगितल्याची शिक्षा एकदाही झाली नाही, तर मिळेल.